मदत हवी आहे: उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेले दात उजळवण्याचे जेल वापरावे का?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला नागपूरच्या दंतवैद्यांनी घरी वापरण्यासाठी दातांच्या मापाचा ट्रे आणि १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असलेल्या जेलच्या सिरिंज दिल्या होत्या. पुढच्या सिरिंज तिने चंद्रपूरला कुरिअरने मागवल्या, आणि ते पाकीट ऐन मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, पत्र्याच्या गोदामात काही दिवस पडून राहिले. वेष्टनावरची मुदत संपायला बराच अवकाश आहे. परंतु त्याच वेष्टनावर थंड जागी ठेवण्याची सूचनाही आहे, आणि ती पाळली गेली असेल तरच त्या मुदतीला अर्थ आहे, असे मला वाटते.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे यामागची क्रिया मला ठाऊक आहे. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे संयुग. ओलाव्यात ते सुटे होते आणि १० टक्क्यांच्या जेलमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. डाग फिके करणारा घटक हाच, आणि साठवणुकीत हेळसांड झाली तर त्याचेच विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन उरतो. उष्णतेने हे विघटन वेगाने होते. उजेडाने आणि लोह किंवा तांबे यांच्या अंशानेही त्याला चालना मिळते. एकदा कमी झालेली तीव्रता नंतर फ्रिजमध्ये ठेवून परत येत नाही. अडचण अशी की पेरॉक्साइड आणि पाणी दोन्ही रंगहीन असल्यामुळे जेलकडे नुसते पाहून काही कळत नाही. आलेल्या सिरिंजपैकी एकीत बारीक बुडबुडे दिसतात, पण ते ऑक्सिजनचे आहेत की भरतानाच राहिलेल्या हवेचे, हे मला ठरवता येत नाही.

जेल सौम्य झाले असेल तर ट्रेमध्ये जास्त भरू किंवा जास्त वेळ ठेवू, असे बहीण म्हणते. याची मला खरी काळजी वाटते, कारण सगळ्याच सिरिंज सारख्या तापल्या असतील असे नाही, आणि एखादीची तीव्रता टिकून असेल तर जास्तीचे जेल हिरड्यांवर ओघळून त्या भाजतील. तिचे दात आधीच गार पाण्याने शिवशिवतात. दंतवैद्य परगावी असल्याने ते परत येईपर्यंत मी तिला थांबायला सांगितले आहे.

येथे कोणी दंतवैद्य किंवा औषधनिर्माण क्षेत्रातील जाणकार असल्यास कृपया सांगावे: असे तापलेले जेल केवळ निष्प्रभ होते, की ते घट्ट ठेवणारा घटक बिघडून ते पातळ होते आणि ट्रेबाहेर वाहते? दवाखान्यात त्याची तीव्रता तपासण्याची काही सोपी सोय असते का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा सिरिंज बर्फाच्या डब्यात ठेवणे योग्य आहे का, की गोठल्याने जेल फुटून वेगळे होण्याचा धोका आहे? शिवाय अर्धवट वापरलेल्या सिरिंजच्या टोकाला लाळ लागली, तर लाळेतल्या विकरांमुळे उरलेले जेलही खराब होते का?