रात्रपाळी संपली. बेसबॉल, बास्केटबॉल, गोल्फ यांतलं काय ठेवू?

म्हार्दोळचा_स्कोअरर

नमस्कार मंडळी. कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. दहाएक वर्षं बहुतेक रात्रपाळीच केली. आता १ एप्रिलपासून जनरल शिफ्ट, सकाळी आठ ते पाच. घरचे खूश आहेत, मीही आहे. पण एका गोष्टीत जीव अडकून राहिलाय.

अमेरिकेतले खेळ मला रात्रपाळीमुळे मिळाले. आमचा पहाटेचा चहा साडेपाचला, तेव्हा तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे आठ. जून २०१६ मध्ये कॅन्टीनच्या टीव्हीवर एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फायनलचा सातवा सामना लागला होता, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट. सातला पाळी सुटली, घरची बस मी सोडली आणि तिथेच बसून राहिलो. आठच्या सुमारास क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन समोरच्या इग्वोडालाचा चेंडू बोर्डावर दाबला. नियम एक माहीत नव्हता, तरी बाकावरून उठून उभा राहिलो. मालिकेत १-३ मागे पडलेला क्लीव्हलँड ९३-८९ ने जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, वर्ल्ड सीरीजमध्ये, शिकागो कब्ज. नऊ डाव बरोबरीत, मग सतरा मिनिटं पाऊस, मग दहाव्या डावात विजेतेपदासाठी १०८ वर्षांची वाट पाहणं संपलं. गोल्फ आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या अदिती अशोकमुळे. टोकियो ऑलिम्पिकचं पदक एका फटक्याने हुकलं. त्या दिवसापासून गोल्फही बघतो.

बेसबॉलवर जीव जास्त, कारण मी गावच्या टेनिस बॉल सामन्यांचा स्कोअरर. पंधराव्या वर्षापासून लिहितोय. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवाल्याकडे आणि तिथून पहिल्याकडे गेला की ६-४-३, दोन बाद. चेंडू नुसता बघत उभा राहून तिसरा स्ट्राइक खाल्ला तर इंग्रजी ‘के’ उलटा काढायचा. मागच्या वर्षी २ नोव्हेंबरला, आपल्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला त्याच दिवशी सकाळी, वर्ल्ड सीरीजचा सातवा सामना अकराव्या डावात संपला. तुटलेल्या बॅटचा तुकडा एकीकडे, चेंडू लॉस एंजेलिसचा शॉर्टस्टॉप मूकी बेट्सकडे. त्याने स्वतःच दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पहिल्याकडे फेकला. वहीत शेवटची नोंद ६-३. टोरंटोची बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर तशीच राहिली. ती चौकट अजून उघडून बघतो.

आता अडचण. बेसबॉलमध्ये एका मोसमात एका संघाचे १६२ सामने, एनबीएत ८२, गोल्फ वर्षभर. मागच्या महिन्यात आठवडाभर दिवसपाळी करून पाहिली. दोन दिवस साडेचारला उठून सामने बघितले, तिसऱ्या दिवशी चुकीची लेबलं चिकटवली. तीस खोकी परत फोडावी लागली आणि तीही माझ्याबरोबर दुसऱ्या दोघांना. ते मला पटलेलं नाही. तिन्ही जमणार नाहीत हे दिसतंय. तुम्ही माझ्या जागी असता तर कुठला ठेवला असता?

डिचोलीची_पीटी_टीचर

दादा, मी शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरूनच वाचा. बास्केटबॉल सोडू नका, फक्त वार बदला. हिवाळ्यात तिकडच्या शनिवार रात्रीचा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी सातला येतो. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की उठायचं, गरम उंडे (पाव) घ्यायचे आणि टीव्ही लावायचा. आमच्याकडे हाच रिवाज आहे. बाकीचे दिवस निकाल वाचा, आणि एप्रिलपासून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, जमेल तसे.

हा खेळ मात्र अर्धवट झोपेत बघू नये. चोवीस सेकंदांत बास्केटवर मारायलाच लावणारं घड्याळ कुठून आलं ठाऊक आहे? त्याआधी पुढे असलेला संघ चेंडू धरून नुसता वेळ काढायचा. १९५० मध्ये एक सामना १९-१८ असा संपला. मग १९५४ मध्ये हिशेब केला: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंद, भागा. मी मुलींकडून हा भागाकार फळ्यावर करून घेते. त्यानंतर त्या घड्याळाकडे बघत खेळायला लागतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले तेव्हा मी कोकण रेल्वेने गेले होते. बुटांचा लाकडी फरशीवरचा आवाज टीव्हीवर निम्माही येत नाही.

साखळीकर

काका, कुठलाच सोडू नका, थेट बघणं सोडा. सकाळी मोबाईलवरच्या सूचना बंद, ग्रुप म्यूट, संध्याकाळी गाळीव, म्हणजे रिकामा वेळ कापलेला सामना. बेसबॉलचा पंधरा-वीस मिनिटांत होतो. पूर्ण बघायचा तर २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, सामना तीन तासांवरून सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. जेवून बसलात तर अकराच्या आत आटपतो.

काणकोणचा_हिरवळवाला

बाब, गोल्फची बाजू कोण घेत नाही म्हणून लिहितो. मी इथे एका गोल्फ कोर्सवर गवत राखतो. तुमची अडचण गोल्फमध्ये सगळ्यात कमी. मोठ्या स्पर्धा, म्हणजे मेजर, वर्षात चार, आणि खरा दिवस त्यांचा रविवार. जुलैतली ब्रिटनची ओपन तर आपल्या झोपेच्या वेळेआधीच संपते. जागायचंच तर फक्त ऑगस्टाच्या मास्टर्सला, एप्रिलमध्ये.

२०२५ ला मी जागलो. रॉरी मॅकलरॉय जवळजवळ अकरा वर्षं एकही मेजर जिंकला नव्हता. तेराव्या होलला सोपा चेंडू ओढ्यात घातला. अठराव्याला पाच फुटांचा पट (होलमध्ये ढकलायचा हलका फटका) चुकला, चेंडू पडला असता तर तिथेच जिंकला होता. मग बरोबरीत राहिलेल्या जस्टिन रोझबरोबर प्लेऑफ, तेच अठरावं होल पुन्हा, आणि या वेळी चेंडू इतका जवळ टाकला की चुकायला जागाच नव्हती. गुडघ्यांवर पडून रडला. चारही मेजर जिंकणारा तो सहावा. सोमवारची पहाट होती. मी अंघोळ करून तसाच कामावर गेलो आणि हिरवळीवर दव असताना मशीन बाजूला ठेवून पाच फूट पावलांनी मोजले. दोन पावलं पण होत नाहीत. ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीचं, गवत आम्ही तीनेक मिलिमीटरवर ठेवतो, त्यावर थोडा जरी उतार असला तरी चेंडू ऐकत नाही. पावसाळ्यात काणकोणात ते सांभाळताना आमची काय गत होते ते मलाच ठाऊक, म्हणून तिकडची ती हिरवळ बघताना मला खेळाडूंइतकंच तिथल्या माळ्यांचं कौतुक वाटतं.

एक रात्र द्या वर्षातली. दुसऱ्या दिवशी रजा टाका, खोकी फोडू नका.

म्हार्दोळचा_स्कोअरर

सगळ्यांचे मनापासून आभार. हिरवळवाले, ऑगस्टाच्या सोमवारची रजा आजच लिहून दिली. टीचर, रविवारचा बास्केटबॉल ठरला. आमच्याकडे पोदेर पावणेसहालाच येतो, तेवढी आधी जाग येईल.

साखळीकर, गाळीव सामना लावून बघितला, पण माझ्याने होत नाही. त्यात हिट आणि धावा दिसतात, मधले चेंडू गळतात, आणि चेंडू गळला की स्कोअररला चैन पडत नाही. पण तुमच्यामुळे एक सुचलं. प्रत्येक सामन्याची चेंडूवार नोंद नंतर वाचायला मिळते. जेवणानंतर ती उघडायची, खालचं झाकायचं आणि एकेक चेंडू वाचत वही भरायची. रोज एक संघ, रोज एक सामना. नऊ डावांना दीड तास लागतो.

सराव म्हणून मागच्या वर्ल्ड सीरीजचा तिसरा सामना घेतला, अठरा डावांचा. तो सुरू झाला तेव्हा मी कामावर होतो, आणि संपला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते, मी झोपलेला. लिहायचा राहिलाच होता. माझ्या वहीत बारा डावांपुरत्याच चौकटी, म्हणून उजवीकडे कागद चिकटवला. तीन रात्रींत पुरा झाला. लॉस एंजेलिसच्या फ्रेडी फ्रीमनचा शेवटचा, सामना जिंकून देणारा होम रन माहीत होता, तरी ती चौकट भरताना हात थांबला. लॉस एंजेलिसच्याच ओतानीची ओळ मात्र मी कधी पाहिली नव्हती. नऊ वेळा बॅटिंगला आला, नऊही वेळा बेसवर: दोन होम रन, दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचे फटके), पाच वॉक (न मारता मिळालेला पहिला बेस). इतक्या वर्षांत अशी ओळ मी कुणाच्याही नावापुढे लिहिलेली नाही. बायकोला बोलावून दाखवली. तिने बोट फिरवून चौकटी मोजल्या आणि विचारलं, ‘याला कुणी आऊटच केला नाही?’