कामाचे दिवस, हजर दिवस: शाळेच्या हजेरीबद्दल पक्कं माहीत असलेलं इथे लिहा

माळा आवरताना एक जुनं प्रगतिपुस्तक हाती लागलं. आतल्या पानावर जून ते एप्रिलचा तक्ता आणि दोन रकाने: कामाचे दिवस, हजर दिवस. जुलैसमोर २५ आणि १६. खाली निळ्या शाईत पालकांची सही. गुणांचं पान सगळे वाचतात, पण हे पान वाचलं तर पुढची बरीच धावपळ वाचते. शाळा सुरू होऊन आठवडा झाला, म्हणून धागा काढते आहे. अर्ज, उशीर, आजारपण, गावाकडची लग्नं, ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते लिहा.

खडूफळा
आधी कॅटलॉग, म्हणजे वर्गाचं हजेरीपुस्तक, कसा चालतो ते सांगतो. हजेरी पहिल्या तासाला होते. प्राथमिकला बऱ्याच शाळांत मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घेतात, त्यामुळे डबा खाऊन घरी नेलेलं मूल अर्धा दिवस गैरहजर लागतं. महिनाअखेर प्रत्येकाचे हजर दिवस मोजून गोषवारा निघतो आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही होते. एकदा सही झाली की मागच्या पानावर खाडाखोड करता येत नाही. नोंद चुकली असेल तर महिना संपायच्या आत वर्गशिक्षकांना भेटा. एप्रिलमध्ये ऑगस्टची तक्रार घेऊन आलात तर कुणाच्याच हातात काही नसतं.

सातची_बस
व्हॅनचं गणित कुणी मांडत नाही. व्हॅनमध्ये १२ मुलं आणि प्रत्येक दारात २ मिनिटं थांबणं, म्हणजे शेवटच्या मुलाच्या दारात व्हॅन २२ मिनिटं उशिरा. रात्रीच दप्तर, पाण्याची बाटली, ओळखपत्र, बूट-मोजे दाराशी ठेवा. सकाळी हमखास अडकतं ते तीन ठिकाणी: सापडत नसलेला एक मोजा, सही राहिलेली डायरी आणि ऐनवेळी आठवलेला चार्टपेपर.

रानजाई
चार्टपेपर 🙏 रात्री साडेनऊला दुकान उघडायला लावणाऱ्या समस्त आयांना माझी सहानुभूती.

खडूफळा
रानजाई, दोन पांढरे आणि दोन रंगीत घरात गुंडाळी करून ठेवून द्या, फेव्हिकॉलची छोटी बाटली सोबत.
उशिराबद्दल राहिलं. राष्ट्रगीत चालू असताना पोहोचलेलं मूल फाटकातच थांबतं. पुढे प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, म्हणजे अख्खा परिपाठ जातो. मग ते खाली मान घालून वर्गात शिरतं तेव्हा फळ्यावरचं पहिलं उदाहरण पुसलेलं असतं, आणि गणिताच्या तासाला पहिलं उदाहरण चुकलं की पुढची चार कळत नाहीत. घंटेच्या १० मिनिटं आधी फाटकात, हा हिशेब धरा.

मायमराठी_नागपूर
आमच्याकडे शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे आठवडा झाला वगैरे वाचून दचकायला झालं 😀 अजून वह्यांना कव्हरं घालणं चाललंय.

कव्हरवाली
खाकी कव्हरं मिळतात का हो तिकडे? इकडे सगळीकडे प्लॅस्टिकचीच.

अर्जविनंती
अर्ज कसा लिहावा हे सांगते, कारण निम्मे अर्ज अपुरे असतात. वर मा. वर्गशिक्षक किंवा मुख्याध्यापक, मग मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दोन्ही तारखा धरून. कारण एका ओळीत. पालकांची सही आणि फोन नंबर. 'दोन-तीन दिवस बरं नव्हतं' असं लिहू नका, कॅटलॉगमध्ये 'दोन-तीन' असा दिवस नसतो.
निरोप शक्यतो पहिल्याच सकाळी वर्गशिक्षकांना स्वतंत्र पाठवा. पालकांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप चाळीस गुड मॉर्निंगखाली गाडला जातो. शिवाय बाई तासावर असताना फोन बघत नाहीत, म्हणून शाळा भरायच्या आधी पाठवायचा.
डॉक्टरांचा दाखला दाखवायला गेलात त्याच दिवशी घ्या. त्यावर तपासणीची तारीख, किती दिवस विश्रांती, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. महिन्याने मागितलेला मागल्या तारखेचा दाखला चांगले डॉक्टर देत नाहीत, आणि देऊही नये.

गोळ्याऔषधं
कधी घरी ठेवायचं: ताप असेल तर पॅरासिटामॉल न देता २४ तास ताप नसेपर्यंत. जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी ४८ तास. कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर: पुरळ उठल्यापासून ४ दिवस. साध्या सर्दीला घरी ठेवायची गरज नाही. उवांसाठी तर मुळीच नाही, फणी फिरवा आणि पाठवा.
सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सकाळी सिरप देऊन पाठवणं. चार-सहा तासांत औषध उतरतं, मूल बाकावर डोकं टेकतं, शाळेतून फोन येतो, आणि तोवर शेजारच्यालाही लागण झालेली असते.

दहावीचं_वर्ष
७५ टक्के हजेरीची अट म्हणजे नेमकं काय ते लिहितो. दहावी-बारावीला राज्य मंडळ आणि सीबीएसई दोघांकडेही ७५ टक्के लागतात. सीबीएसईला हजेरी १ जानेवारीपर्यंतची मोजतात. समजा तोवर १५० दिवस शाळा भरली, तर ११३ दिवस हजर असायलाच हवं, म्हणजे सुट्टीला वाव ३७ दिवसांचा. हे भरपूर वाटतं. आता मोजा: गणपतीला गावी ७, डेंग्यूचे १५, दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतलेले ५, मावशीकडच्या लग्नाचे ४, क्लासच्या टेस्टसाठी मारलेल्या दांड्या १०. झाले ४१. जानेवारीत रोज गेलं तरी ही तूट भरून निघत नाही.
खरं आजारपण असेल तर सूट मागता येते, पण कागद लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. म्हणून ऑक्टोबरमध्येच शाळेत जाऊन आकडा विचारा.

रानजाई
आणि पहिली ते आठवी? तिथे किती दिवस?

दहावीचं_वर्ष
शिक्षण हक्क कायद्यात शाळेने किती दिवस भरायचं ते दिलंय: पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवी २२०. गैरहजर राहिलं म्हणून आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य धरतात आणि मग शोध घेत गुरुजी घरी येतात.

कोयता_ते_कॅटलॉग
महिनाभराच्या गैरहजेरीच्या या नियमावर सविस्तर लिहितो, कारण बीडकडे दिवाळीच्या सुमारास वाडे-तांडे ओस पडतात आणि ऊसतोडीला निघालेल्या आईबापांसोबत मुलं उसाच्या फडावर जातात. कारखाना बंद होईपर्यंत परत येत नाहीत. निघण्याआधी दोनच रस्ते. आजी-आजोबा गावात असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखवा. मूल तिथे बसतं, आणि परतल्यावर तेच कार्ड मूळ शाळेत द्यायचं. कार्ड हरवलं किंवा दाखला मिळायला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.
गडबड होते ती टोळी रात्रीतून निघते म्हणून. मुकादमाचा फोन येतो, ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि कार्ड राहून जातं. दसऱ्यालाच कार्ड करून घ्या.

अर्जविनंती
हे जिथे जिथे पाठवता येईल तिथे पाठवते. याच वस्त्यांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता आहे: दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला १ रुपया, ७५ टक्के हजेरी असेल तर, वर्षाला जास्तीत जास्त २२०. योजना १९९२ ची आणि रुपया तोच. वाढायलाच हवा तो.

थेम्सकाठ
इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी. इथे दिवस म्हणजे दोन सत्रं. हजेरी उघडी राहते फार तर ३० मिनिटं. त्यात पोहोचलात तर 'उशिरा', त्यानंतर आलात तर ते सत्र विनापरवानगी गैरहजर लागतं, मूल दिवसभर वर्गात बसलं तरी. १० शालेय आठवड्यांत अशी १० सत्रं झाली की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, २८ दिवसांत १६०. आणि हा दर पालकामागे, दर मुलामागे: आई, बाबा आणि दोन मुलं म्हणजे ३२०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०.
भारतात लग्नाला जायचं तर तिकीट काढायच्या आधी मुख्याध्यापकांना लेखी विचारा. स्वस्त विमान हे कारण चालत नाही. दिवाळीचा दिवस धार्मिक सण म्हणून वेगळ्या खुणेने लागतो, पण आधी कळवा. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होणाऱ्या पुढच्या टर्मपासून शाळा सक्तीची, त्याआधी दंड नाही.

पावसाळी_दादर
पावसाचं कुणी लिहिलंच नाही. प्रशासनाने सुट्टी जाहीर केली तर तो कामाचा दिवसच धरत नाहीत, खाडा पडत नाही. शाळा चालू आहे आणि तुमच्या गल्लीत पाणी आहे, तर खाडा पडतो, अर्ज द्या, जमल्यास फोटो जोडा. सुट्टीचे फिरते मेसेज गेल्या वर्षीचे असतात, तारीख वाचा आणि महापालिकेच्या अधिकृत खात्यावर बघूनच मुलाला परत झोपू द्या.

सातची_बस
चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे, हा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे ना? दोन पाळ्यांच्या शाळेत कसं करतात?

खडूफळा
आहे. जिथे एकाच इमारतीत दोन शाळा भरतात तिथे वर्गखोल्यांची अडचण येते, अशा शाळा शिक्षण विभागाकडे स्वतंत्र परवानगी मागतात. तुमच्या शाळेची वेळ बदललेली नसेल तर पालक सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

मायमराठी_नागपूर
कव्हरवाली, सीताबर्डीला खाकी रोल मिळतो. दहा वह्यांना पुरतो.