सोलापुरात राहून 6000 मीटरची तयारी होते का?

तलावकाठचा_रनर
मंडळी, पुढच्या वर्षी लडाखमधलं कांग यात्से 2 शिखर करायचंय, म्हणजे 6200 मीटरच्या वर. आपलं गाव जेमतेम साडेचारशे मीटरवर. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारतो, स्टॅमिना चांगलाय. ग्रुपमधले म्हणतात जिद्द असली की झालं, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी वगैरे डॉक्टरांचे चोचले. खरंच चढाईत सायन्सचा एवढा संबंध येतो का?

गडवाट_सोलापूर
जिद्द पाहिजेच हो, पण जिद्दीनं हवेचा दाब वाढत नाही. ऑक्सिजन वरही 21 टक्केच असतो, दाब उतरतो म्हणून एका श्वासात कमी मिळतो, साडेपाच हजाराला जवळपास निम्मा. पळण्याचा फायदा पायांना आणि दमाला होईल पण उंचीला सरावणं वेगळं, आणि फिट पोरंच जोरात वर जाऊन आडवी होतात. विमानानं लेहला उतरलात की थेट 3500, पहिले दोन दिवस नुसता आराम. 3000 च्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. पैसे भरायच्या आधी ट्रेकवाल्यांकडून मुक्कामांच्या उंचीचा तक्ता मागून घ्या.

डॉक्टरताई
चोचले नाहीत दादा. 1960 च्या दशकात आपल्या जवानांना एकदम उंचीवर न्यावं लागलं, तेव्हा इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 आजारी जवानांचा अभ्यास करून 1969 ला छापला, हे ज्ञान आपल्याच पोरांच्या त्रासातून आलंय. डायमॉक्सनं किडनी बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता मारणारा क्षार) बाहेर टाकते, रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वास वाढतो, झोपेतसुद्धा. शरीर सावकाश जे करतं तेच लवकर होतं, बाकी काही नाही. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि बसल्याजागी धाप लागली, छातीत घरघर आली किंवा सरळ रेषेत चालताना तोल गेला तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

नकाशेवेडा
1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेमागे ग्रिफिथ प्यू हे फिजिओलॉजिस्ट, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते अभ्यासणारे, होते, आदल्या वर्षी चो ओयूला जाऊन त्यांनी ऑक्सिजन किती सोडायचा, पाणी किती प्यायचं हे मोजून ठरवलं. तेनझिंग-हिलरींची नावं घेताना यांचंही घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि 1981 ला क्रिस पिझो एव्हरेस्टच्या शिखरावर बॅरोमीटर घेऊन गेले, दाब भरला पाऱ्याचे 253 मिलिमीटर, नेहमीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा जास्त! विषुववृत्ताकडे हवेचा थर जाड असतो ना, म्हणून. एवढ्याशा जादा दाबावरच बिनसिलिंडरचा माणूस तिथं तग धरतो, मेसनर आणि हाबेलर 1978 ला तसेच चढले होते.

तलावकाठचा_रनर
भारी माहिती, आभार सगळ्यांचे. कोविडमधला ऑक्सिमीटर घरात पडलाय, नेऊ का?

डॉक्टरताई
न्या, पण बोटं चोळून गरम करून लावा, गार बोटावर रीडिंग चुकतं. आणि आकडा चांगला दिसतोय पण डोकं दुखतंय, जेवण जात नाहीये, तर त्या दिवशी वर चढायचं नाही.