शब्दचर्चा : 'सहायक' मोठा की 'विशेष सहायक'?

रुईफूल
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पहिल्या कारकिर्दीवरचा मजकूर मराठीत आणते आहे. पदनामांपाशी घोडं पेंड खातंय. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या खास माणसांच्या तीन पायऱ्या असतात. सर्वांत वर 'असिस्टंट टू द प्रेसिडेंट', त्याखाली 'डेप्युटी असिस्टंट' आणि त्याच्याही खाली 'स्पेशल असिस्टंट'. शब्दाला शब्द ठेवला तर सहायक, उपसहायक, विशेष सहायक. आपल्याकडे विशेष पोलीस महानिरीक्षक, विशेष सरकारी वकील ही वजनदार पदं, त्यामुळे वाचक 'विशेष' पाहून त्या माणसाला सर्वांत वरचा समजणार. तिकडे तो तिघांत धाकटा. पगारातही उतरंड आहे: १९७८ च्या कायद्याप्रमाणे वरच्या श्रेणीत २५ माणसं, त्याखालच्या श्रेणीत आणखी २५ आणि त्याखाली ५० नेमता येतात.

दुसरी अडचण अशी की ज्यांना आपण राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणतो त्यांचं कागदावरचं पद 'असिस्टंट टू द प्रेसिडेंट फॉर नॅशनल सिक्युरिटी अफेअर्स' असं आहे. म्हणजे निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजरही कागदोपत्री सहायकच. मराठीत सहायक म्हटलं की डोळ्यांपुढे मंत्र्याचा पीए येतो.

तीन पायऱ्यांसाठी तीन शब्द हवेत. शिवाय बातम्यांत सरसकट येणाऱ्या 'एड' या शब्दाला काय म्हणावं?

तळटीप
आधी लेखनाबद्दल. तुम्ही 'सहायक' लिहिलंत ते बरोबर. 'सहाय'वरून 'सहायक', 'साहाय्य'वरून 'साहाय्यक'. दोन्ही चालतात. या दोहोंची सरमिसळ होऊन आलेलं 'सहाय्यक' मात्र कुठल्याच वाटेने सिद्ध होत नाही. पुस्तकभर एकच रूप ठेवा.

पायवाट
'सहाय्यक आयुक्त' ही पाटी किती कार्यालयांवर आहे ते पाहा. लाखो लोक जे लिहितात, वाचतात आणि ज्याचा अर्थ लावताना कुणीही अडत नाही, त्याला चूक ठरवून काय साधतं?

तळटीप
पाटी रंगवणाऱ्याने व्याकरण ठरवायचं नसतं. छापील पुस्तकाला तरी हा नियम हवाच.

मोडीवाचक
शब्द बाहेर कशाला शोधायचे? आपल्याकडे राज्यकारभाराची भाषा तयार आहे. 'असिस्टंट टू द प्रेसिडेंट'ला कारभारी, 'डेप्युटी'ला मुतालिक, आणि खालच्याला कारकून किंवा चिटणीस. पदाचं नाव लहान आणि हातात सत्ता मोठी, हे तर आपल्या इतिहासात ठायी ठायी आहे. नाना फडणीस हे ठळक उदाहरण. फडणिशी हे हिशेबाचं पद. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंतून नाना पुढे आले आणि दौलतीचा कारभार पाहू लागले, तरी नाव फडणीसच राहिलं. हा शब्द 'फर्दनवीस'वरून आला, म्हणजे फर्द, यादी लिहिणारा. 'फड'शी त्याचा संबंध मागाहून जोडला गेला असं माझं ठाम मत आहे.

तळटीप
'फड' म्हणजे दफ्तराची, हिशेबाची जागा, हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे. फडावरचा लिहिणारा तो फडणीस. प्रत्येक '-नीस' फारशीतून आला म्हणून त्याच्या आधीचा भागही फारशीच असला पाहिजे असं नाही.

पूर्वरंग
मोडीवाचक, मुतालिक इथे बसत नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे. मुतालिक धन्याच्या वतीने अधिकार वापरतो, शिक्का त्याच्या हाती असतो. छत्रपतींच्या प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव १७५० साली सांगोल्याला फौज बाळगून पेशव्यांशी उभे ठाकले, ते त्या बळावर. व्हाइट हाउसमधल्या सहायकाला कायद्याने स्वतःचा असा अधिकार जवळपास नसतो. सिनेट त्याच्या नेमणुकीवर मत देत नाही. कुठल्याही खात्याला तो स्वतःच्या सहीने हुकूम देऊ शकत नाही. तो फक्त 'राष्ट्राध्यक्षांची अशी इच्छा आहे' एवढं कळवतो. त्याची सत्ता दोन गोष्टींवर उभी असते: खोलीत कोण शिरतं आणि टेबलावर कोणता कागद जातो.

रुईफूल यांच्या मजकुरात हे आलं असणारच. नोव्हेंबर १९८० मध्ये जेम्स बेकर आणि एडविन मीस यांनी एका पानावर कामाची वाटणी केली. मीस कॅलिफोर्नियापासून रेगन यांचे विश्वासू. बेकर १९८० च्या प्राथमिक फेरीत रेगन यांच्याविरुद्ध बुश यांची मोहीम चालवणारे, म्हणजे बाहेरचे. मीस यांनी 'काउन्सेलर' हे पद, मंत्रिमंडळाचा दर्जा आणि धोरणाचा समन्वय घेतला. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि देशांतर्गत धोरण दोन्ही त्यांच्याकडे. बेकर चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कर्मचाऱ्यांचे प्रमुख झाले आणि त्यांनी चार रूक्ष गोष्टी मागून घेतल्या: कर्मचारी नेमण्या-काढण्याचा अधिकार, आत-बाहेर जाणाऱ्या सर्व कागदांवर नियंत्रण, कर्मचाऱ्यांच्या बैठकांचं अध्यक्षपद, आणि चीफ ऑफ स्टाफची ठरलेली कोपऱ्यातली खोली. राष्ट्राध्यक्षांच्या कोणत्याही बैठकीला दोघांनाही बसता येईल, हेही त्यात होतं. कागदावर मीस मोठे दिसतात. वर्षभरात बेकर वरचढ ठरले.

हे कसं घडलं ते पाहा. एखादा प्रस्ताव आला की स्टाफ सेक्रेटरीचं कार्यालय तो संबंधित खोल्यांत फिरवतं, ठरलेल्या मुदतीत अभिप्राय गोळा करतं, वर आवरणपत्र लावतं आणि मगच तो ओव्हल ऑफिसात जातो. कोणाचा अभिप्राय मागवायचा, किती वेळ द्यायचा, आवरणपत्रावर पर्याय कोणत्या क्रमाने मांडायचे, हे ठरवणारा निर्णयाचं निम्मं काम करून ठेवतो. मीस यांच्याकडे आलेला कागद मात्र त्यांच्या बॅगेत अडकून राहतो, ही ख्याती होती. परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी शपथविधीच्याच दिवशी, २० जानेवारी १९८१ ला, परराष्ट्र धोरणाची सूत्रं आपल्याकडे देणारा मसुदा मीस यांच्या हाती दिला. त्यावर सही झालीच नाही. जून १९८२ मध्ये हेग यांनी राजीनामा दिला.

मोडीवाचक
मग 'कारभारी' तरी राहू द्या. बेकर यांना तो अगदी चपखल बसतो.

पायवाट
कारभारी आज गावात नवऱ्याला म्हणतात, आणि वर्तमानपत्रात 'संघाचा नवा कारभारी' म्हणजे कर्णधार. पानापानावर बेकर कारभारी, मीस कारभारी असं आलं तर वाचक १९८१ च्या वॉशिंग्टनमध्ये राहणारच नाही, शनिवारवाड्यात जाईल.

माझी सूचना मंत्रालयाच्या भाषेतून आहे. मंत्र्याच्या आस्थापनेवर खासगी सचिव, विशेष कार्य अधिकारी आणि स्वीय सहायक असतात. ही उतरंड वाचकाला पाठ आहे. वरच्याला खासगी सचिव म्हणा, मधल्याला विशेष कार्य अधिकारी, खालच्याला स्वीय सहायक. फाइल, टिपणी, नस्ती हे शब्दही मग आपोआप जुळतात. पूर्वरंग यांनी सांगितलेला कागदाचा प्रवास म्हणजे नस्तीचाच प्रवास.

पूर्वरंग
तिथे वेगळा गोंधळ होईल. अमेरिकेत 'सेक्रेटरी' म्हणजे मंत्री. सेक्रेटरी ऑफ स्टेटला आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो ते योग्यच आहे. पण सहायकाला तुम्ही सचिव केलंत तर 'परराष्ट्रमंत्री रॉजर्स विरुद्ध सचिव किसिंजर' असं होईल आणि वाचकाला किसिंजर परराष्ट्र खात्यातले सनदी अधिकारी वाटतील. त्या भांडणाचं मूळच हे आहे की ते त्या खात्यात नव्हते. विल्यम रॉजर्स खात्याच्या इमारतीत, किसिंजर व्हाइट हाउसमध्ये. जानेवारी १९६९ मध्येच राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची नवी कार्यपद्धत निक्सन यांच्या सहीने लागू झाली आणि बैठकीपुढे काय यायचं ते किसिंजर यांच्या हाती आलं. जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानात पोट बिघडल्याची बतावणी करून किसिंजर गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले, तेव्हा रॉजर्स यांना फार उशिरा सांगण्यात आलं. सप्टेंबर १९७३ मध्ये किसिंजर परराष्ट्रमंत्रीही झाले आणि नोव्हेंबर १९७५ पर्यंत दोन्ही खुर्च्या त्यांच्याकडे राहिल्या. एवढ्या काळात भांडण उरलं नाही, कारण दोन्ही टोकांना एकच माणूस होता.

कार्टर यांच्याकडे तेच पुन्हा. इराणमधल्या ओलिसांना सोडवायला फौज पाठवायची की नाही, याची निर्णायक बैठक ११ एप्रिल १९८० ला झाली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स तेव्हा सुटीवर फ्लोरिडात होते, सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की बैठकीत होते. व्हान्स यांनी मोहिमेआधीच राजीनामा दिला आणि मोहीम फसल्यावर तो जाहीर झाला.

रुईफूल
हे सगळं मोलाचं आहे, पण तीन पायऱ्या अजून तशाच आहेत. 'वरिष्ठ सहायक, सहायक, कनिष्ठ सहायक' असं केलं तर?

तळटीप
अर्थ पोचतो, पण 'कनिष्ठ सहायक' हे जिल्हा परिषदेतलं नेमकं पद आहे. तो लिपिक. त्यापेक्षा प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणी सहायक म्हणा.

पायवाट
'तृतीय श्रेणी' ऐकून वाचकाला वर्ग तीनचा कर्मचारी आठवेल. नको.

मोडीवाचक
पदांची नावं आणि पगाराचा गठ्ठा यांचा संबंध तिथे कधीच सरळ नव्हता, हेही लक्षात घ्या. लिंकन यांच्या वेळी कायद्याने एकाच खासगी चिटणिसाचा पगार मंजूर होता, वर्षाला २,५०० डॉलर. तो जॉन निकोले यांना मिळे. दुसरे चिटणीस जॉन हे (Hay) यांचंही काम तेच होतं, पण त्यांचा पगार इंटिरिअर खात्यातल्या कारकुनाच्या जागेवर निघे.

पायवाट
याला आपल्याकडे अचूक शब्द आहे: उसनवारी. मंत्री कार्यालयात दुसऱ्या विभागातली माणसं 'उसनवारी तत्त्वावर' असतात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या 'किचन कॅबिनेट'मध्ये, म्हणजे खासगी सल्लागारांच्या गटातही तसंच होतं ना?

पूर्वरंग
हो, तिथे तर ती पद्धतच होती. विल्यम लुईस अर्थखात्यात दुसरे लेखापरीक्षक, आमोस केंडल चौथे लेखापरीक्षक. लुईस राहायला व्हाइट हाउसमध्येच होते. पगार हिशेब तपासण्याचा आणि काम राष्ट्राध्यक्षांच्या कानाशी बसण्याचं. खऱ्या मंत्रिमंडळाच्या बैठका जॅक्सन यांनी जवळपास बंदच ठेवल्या होत्या, कारण युद्धमंत्री जॉन ईटन यांच्या पत्नी मार्गारेट यांच्याशी इतर मंत्र्यांच्या बायका बोलत नव्हत्या. त्यात उपाध्यक्ष कॅल्हून यांच्या पत्नी पुढे. विधुर असलेल्या परराष्ट्रमंत्री व्हॅन ब्युरन यांना घरातून कोणी अडवणारं नव्हतं. त्यांनी मार्गारेट यांना मानाने वागवलं, १८३१ मध्ये स्वतः राजीनामा देऊन सगळं मंत्रिमंडळ मोकळं करून दिलं आणि जॅक्सन यांचा विश्वास कायमचा मिळवला. पुढे ब्रिटनमधल्या वकिलातीवर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सिनेटात समसमान मतं पडली आणि कॅल्हून यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. १८३३ मध्ये कॅल्हून यांच्याच खुर्चीवर व्हॅन ब्युरन उपाध्यक्ष म्हणून बसले.

मोडीवाचक
'किचन कॅबिनेट'ला कुणी 'स्वयंपाकघर मंत्रिमंडळ' लिहितं तेव्हा फार वाईट वाटतं. 'खलबतखाना' घ्या. अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत, त्यावरून खलबत. रायगडावर खलबतखाना आहेच.

तळटीप
'खलबत' हा कटाचा वास असलेला शब्द झाला आहे. शिवाय ते विरोधकांनी हिणवून ठेवलेलं नाव, दिवाणखान्यातल्या अधिकृत मंत्र्यांना सोडून मागच्या दाराने येणाऱ्यांचं. खलबतखान्यात मागचं दार कुठे आहे? इंदिरा गांधींच्या काळापासून मराठी वर्तमानपत्रांनी 'किचन कॅबिनेट' पचवलेला आहे. तोच ठेवा.

पायवाट
म्हणजे इथे वापर प्रमाण, आणि 'सहाय्यक'ला नाही?

तळटीप
परका शब्द जसाच्या तसा घेणं वेगळं, स्वतःचा शब्द मोडणं वेगळं. तत्समाला त्याची घडण असते, ती एकदा सोडली की पुढे 'साहाय्य'चंही 'सहाय्य' होतं, आणि झालंच आहे.

पूर्वरंग
'एड'बद्दल थोडं. मूळ फ्रेंच लष्करी शब्द. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टन १७७७ ते १७८१ सेनापती वॉशिंग्टन यांचे एड-डी-कँप होते, लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर. तिथे 'एडीसी' हेच योग्य, राज्यपालांच्या एडीसींमुळे ते आपल्याला ओळखीचं आहे. आजही अण्वस्त्रांच्या आदेशाची बॅग घेऊन राष्ट्राध्यक्षांमागे चालणारा लष्करी अधिकारी याच अर्थाने एड आहे. बातमीतला 'सीनियर एड' मात्र पद नाही, ते मोघम वर्णन आहे. तिथे 'निकटचा सहकारी' लिहा. ज्या वाक्यात हुद्दा महत्त्वाचा आहे तिथेच हुद्दा लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'असिस्टंट टू द प्रेसिडेंट, म्हणजे सहायकांतला सर्वांत वरचा दर्जा' असं एकदाच फोडून सांगा. 'स्पेशल असिस्टंट'मधला 'स्पेशल' मराठीत सोडून द्यायला माझी हरकत नाही.

तळटीप
माझी आहे. मूळ पदनामातला शब्द गाळायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

रुईफूल
एकदाच फोडून सांगायची सूचना घेते. 'स्पेशल' गाळायचं की नाही ते संपादकांशी बोलून ठरवीन. आता पुढच्याच पानावर हे आलं आहे: मीस 'काउन्सेलर टू द प्रेसिडेंट' आणि फ्रेड फील्डिंग 'काउन्सेल टू द प्रेसिडेंट'. पहिले धोरणाबद्दल सल्ला देणारे, दुसरे कायद्याबद्दल. दोघांनाही मराठीत सल्लागारच येतोय, आणि दोघं एकाच वाक्यात आहेत.

पायवाट
दुसऱ्याला विधी सल्लागार.

मोडीवाचक
पहिल्याला मसलतगार. दुसऱ्याला न्यायशास्त्री.

तळटीप
न्यायशास्त्री म्हणजे रामशास्त्री. फील्डिंग न्याय देत नव्हते, राष्ट्राध्यक्षपदाची कायदेशीर बाजू सांभाळत होते. शिवाय 'विधी'चं लेखन पाहा, समासात पूर्वपदी ऱ्हस्व: विधिसल्लागार.