जास्त दाबाची कॅप बसवण्याआधी गार इंजिनावर हे बघा
जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर पाणी फेकतोय म्हणजे त्याच्या कॅपची (झाकणाची) स्प्रिंग गेली, असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याचदा खरं असतं. पण त्यावर उपाय म्हणून कारची १५ पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) कॅप बसवायचा सल्लाही दिला जातो, तो कृपया पाळू नका. जुन्या ट्रॅक्टरचे पितळी रेडिएटर साधारण ७ पीएसआयच्या आसपासच्या कॅपसाठी बनलेले असतात. दुप्पट दाब दिला की रेडिएटरच्या टाकीचे डाग (सोल्डरचे जोड) सुटतात आणि पाण्याच्या पंपाचं सील गळायला लागतं. जुन्या कॅपवर आकडा कोरलेला असतो, तोच घ्या.

मुळात दाब कुठून येतोय ते आधी शोधा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, फॅनबेल्ट उतरवा म्हणजे पंप फिरणार नाही, आणि इंजिन मिनिटभरच चालवा. एवढ्यात पाणी तापत नाही. तरीही बुडबुडे येतच राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय: हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट उडालंय किंवा हेडला तडा आहे. आमच्या ट्रॅक्टरचं दुखणं असंच सापडलं, त्याआधी मेकॅनिकने दोनदा कॅप बदलली होती. हेड उतरवलंच तर नवं गॅस्केट टाकण्याआधी हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी लावून नक्की तपासून घ्या.