इंजेक्टर बदलण्याआधी हवा आणि अर्थिंग बघा

दादा, तुमची जुनी कॉमनरेल (एकाच हाय प्रेशर नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी) पिकअप न्यूट्रलला ७०० ते १००० आरपीएममध्ये झुलते आणि गॅरेजवाला इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदला म्हणतो. कृपा करून एवढ्यात पैसे मोजू नका.

आधी डिझेल फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले तर टाकीकडून येणारी नळी, वॉशर किंवा प्रायमिंग पंप (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) हवा ओढतोय. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागत असेल तर संशय अजून पक्का. फिल्टरखालचं पाणीही काढा, पावसाळ्यात ते हमखास साचतं.

मी मडगावहून मासळी वाहतो. बर्फाचं खारट पाणी चासीवर गळून माझी अर्थिंगची पट्टी (बॅटरी-इंजिनाला चासीशी जोडणारी तार) आतून कुजली होती, वरून धड दिसायची! नवी टाकली आणि इंजिन शांत झालं.

हे सगळं ठीक असेल तरच इंजेक्टरांची रिटर्न टेस्ट करा: इंजिन गरम करा आणि प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल चार सारख्या बाटल्यांत वेगवेगळं गोळा करा. एकीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तेवढाच इंजेक्टर काढून डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला द्या. जोडण्या सोडायच्या त्या इंजिन बंद करून, थोडं थांबूनच. चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपला अजिबात हात लावू नका.