कॉम्प्युटर बंद पडले की शेवटी फावतं कुणाचं?

नवीपेठकर: १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनचे पडदे निळे झाले. आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. लोक खूष, यंत्राचा माज उतरला म्हणे. मला उलटं वाटतं. प्रत्येक फजितीतून यंत्र सुधारतं, आपण मात्र होतं तेही विसरतो. परवा इथेच सोलापुरात एका दुकानात सहा टॉवेल घेतले, एकशे वीसचा एक. सर्व्हर डाऊन. पोरगं म्हणतं, बिल निघेना, थांबा. मी सातशे वीस म्हटलं तर असं बघतंय, जणू मी घासाघीस करतोय!

कडकभाकरी: काय बे, पोराला पाढे येईनात त्यात कॉम्प्युटरचा काय दोष? त्या दिवशी कंपनीने चुकीची फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, तरी अडकलेली कितीतरी मशीन आपापली उठली नाहीत. आयटीवाल्यांनी एकेकीपुढे बसून, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर मशीन चालू करून, ती फाइल उडवली. माणूस नसता तर बसले असते निळ्या पडद्याची आरती करत.

नवीपेठकर: बरोबर. आणि नंतर? अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायला लागले, मायक्रोसॉफ्टने न उठणारं मशीन लांबूनच दुरुस्त करायची सोय आणली. म्हणजे पुढच्या खेपेला तो आयटीवालाही नको. मी दुसरं काय म्हणतोय?

जकार्डवाला: आमचा चादरीचा धंदा. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला की माग थांबतो, थांबायलाच पाहिजे, नाहीतर अख्खी चादर वाया. त्यामुळे बंद पडण्याला मी भीत नाही. बाकी जुन्या कॉम्प्युटरला माहिती देणारी भोकांची पंचकार्डं जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, भोकांच्या पुठ्ठ्यांवरून सुचलेली, म्हणजे सोलापूरकरांना हे काही परकं नाही. वडील पुठ्ठा उजेडाला धरून मोराची मान कुठे चुकली ते सांगायचे. आता डिझाइन पेन ड्राइव्हवर येतं. मला पुठ्ठ्यात फक्त भोकं दिसतात.

कडकभाकरी: मग शिकून घे की बे त्यांच्याकडून!

जकार्डवाला: त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गड्ड्याची जत्रा झाल्यावर आहे. पुठ्ठे माळ्यावर पडलेत. बघू.